बांधाचं पोट

हौशीराम आबा उडाले.

पण घरात ठरलंय की ते उडालेच नाहीत. तेव्हा आपणही असं धरून चालू, की त्या सकाळी आबा बैल शोधायला टेकडीवर गेले आणि गेले तसे पायी खाली आले.

टेकडीच्या माथ्यावर पुण्याहून आलेली कोमल नावाची मुलगी हेल्मेट घालून खाली बसली होती. तिच्या मैत्रिणी केव्हाच उडून खाली पोचल्या होत्या. सुहास, म्हणजे पाहुण्यांना छातीशी बांधून छत्रीनं उडवणारा पोरगा, कापड पसरून उभा होता. त्यानं तिला वारा चांगला आहे हे तीनदा सांगितलं. कोमलनं तिन्ही वेळा मान्य केलं आणि उठली नाही. इंद्रायणी इथूनही छान दिसते, असं तिचं म्हणणं पडलं.

बाजूला उभ्या आबांनी घसा खाकरला.

"तिच्या जागी मी येतो."

"आबा, तुम्हाला काय बघायचंय वरून?"

"बांध."

आबांच्या आणि धाकट्या भावाच्या, श्रीपतीच्या, भातखाचरांमध्ये एकच बांध. श्रीपती तो दरसाल कोरतो, असं आबांनी अकरा वर्षांपूर्वी चारचौघांत म्हटलं आणि तेव्हापासून बोलणं बंद. श्रीपतीच्या मुलीचं लग्न आबांनी स्वतःच्या ओट्यावर बसून लाउडस्पीकरवर ऐकलं. अक्षताही तिथूनच टाकल्या. आता सोमवारी सरकारी मोजणीचा अर्ज द्यायचा होता. त्याआधी भावानं किती खाल्लंय ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

सुहासनं पट्टे आवळले, पळायला सांगितलं. आबा पळाले. जमीन संपली तरी बराच वेळ पळत होते.

"आबा, आता थांबलात तरी चालेल."

खाली भात पिवळं झालं होतं. आंब्याचं झाड ओळखू आलं, मग खाचरं, मग मधली गवताची हिरवी रेघ. वरच्या अंगानं ती सरळ येत होती आणि ऐन मध्यावर पोट काढून बसली होती. श्रीपतीच्या बाजूला.

"वरून उलटं दिसतं का रे?"

"न्हाई. डावं ते डावंच राहतं."

"आंब्याकडचं माझं."

"मग आंब्याकडचंच मोठं हाय, आबा."

आबांनी ती रेघ पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. लावणीआधी ते दरवर्षी आपल्या अंगानं बांधाचं गवत फावड्यानं तासत. नुसतं गवत. गवताबरोबर बोटभर माती येई, तिला कोण माती म्हणतं? मग बांध बारीक झालेला बघून, पाणी फुटू नये म्हणून श्रीपती त्याच्या अंगानं चिखल लिंपी. तो चिखल बघून आबांना दरवर्षी खात्री पटे, की हा बांधाला हात लावतो. एक तासत होता, एक लिंपत होता आणि बांध चालत होता.

खाचरात श्रीपती विळा घेऊन उभा होता. त्यानं मान वर केली. गावात आता सगळेच उडणाऱ्यांना हात करतात, त्यानंही केला. एवढ्या उंचीवरचं माणूस कोण, हे त्याला कळायची सोय नव्हती. आबांनी पट्ट्यातून हात सोडवला आणि केला.

खाली उतरल्यावर नंदाबाईंनी नवऱ्याच्या डोक्यावरचं हेल्मेट बघितलं, ते काढून सुहासच्या हातात दिलं आणि गावात कुणी विचारलं तर काय सांगायचं ते तिथंच ठरवून टाकलं. मग हळूच विचारलं,

"किती खाल्लंय त्यांनी?"

"त्यानं न्हाई," आबा म्हणाले आणि घराकडे चालू लागले.

सोमवारी अर्ज मात्र दिला. तो असा :

'विषय : मोजणी नको असल्याबाबत. महोदय, सदर बांध अर्जदाराकडून सरकला आहे. तो मूळ जागी नेण्यास अर्जदाराचे फावडे पुरेसे आहे; त्यासाठी कार्यालयास तसदी नाही. तरी फक्त मधली अकरा वर्षे दोन्ही भावांच्या उताऱ्यांवरून कमी करून मिळावीत, ही नम्र विनंती.'