पाठीने बघणं

माझा धंदा चुका शोधण्याचा आहे. टोरोंटोतल्या एका बँकेत मी सॉफ्टवेअर टेस्टर होते, अजूनही आहे. दुसऱ्याने सहा महिने खपून केलेल्या कामाला दोन तासांत नावं ठेवायची, हे माझं काम. त्यामुळे ऑफिसातली माणसं मला घरी जेवायला फारशी बोलावत नाहीत. एझरा नागावकरने बोलावलं तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, की ह्यात काहीतरी काम दडलेलं आहे.

एझरा माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसायचा. अलिबागकडचा बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. पंचवीस वर्षं कॅनडात काढूनही मराठी शाबूत. २००९चा जानेवारी होता.

"जयंती, संडेला फ्री आहेस का गं? माझ्या गॅबीला ट्रान्सलेटर पाहिजे. कॉलेजचं फायनल प्रोजेक्ट आहे."

"तू मराठी बोलतोस, तुझी आई मराठी बोलते. मी कशाला मध्ये?"

"घरातला माणूस चालत नाही म्हणे. आपल्याला हवं तेच ऐकतो. प्रोफेसरने क्लिअर सांगितलंय, बाहेरचा माणूस आणा."

बाहेरचा माणूस म्हणून मी त्या रविवारी गो ट्रेनने, म्हणजे इथल्या लोकलने, ओकव्हिलला गेले. शनिवारी शब्बाथ, म्हणून रविवार. एझराने ड्राइव्हवेवरचा बर्फ नुकताच शोव्हलने उपसला होता आणि तो कमरेवर हात ठेवून कण्हत होता. खाली बेसमेंटमध्ये त्याची मुलगी गॅब्रिएला तारांच्या गुंत्यात बसली होती. वय बावीस. शिकत होती कला, पण हातात सोल्डरिंगची सळई. खुर्चीत एझराची आई, लिआमावशी. शहात्तर वर्षांच्या. काचबिंदूने त्यांची नजर तेरा वर्षांपूर्वी गेली होती. इंग्रजी समजायचं बऱ्यापैकी, पण मनातलं काही सांगायचं तर मराठीच. नातीला मराठीतलं 'आजी' सोडून काही येत नव्हतं.

ह्या मुलीने आजीसाठी एक जाकीट केलं होतं. सोबत एक काळा चष्मा, चष्म्याच्या मधोमध बारीक कॅमेरा. कॅमेऱ्यासमोर जे येईल ते जाकीट पाठीवर उमटवून दाखवणार. पाठीच्या अस्तरात जुन्या सेलफोनमधल्या चौसष्ट थरथरणाऱ्या मोटर्स शिवलेल्या. उजेड असेल तिथली मोटर थरथरणार, काळोख असेल तिथली गप्प बसणार. कातडीला सवय झाली की मेंदू त्याचं चित्र बनवतो, असं कुठल्याशा संशोधनात तिने वाचलं होतं. काम निम्मं प्रयोग, निम्मी कलाकृती. एप्रिलमध्ये गॅलरीत मांडायचं होतं. मला विचाराल तर त्यात चुका निघण्यासारखं पुष्कळ होतं, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

"वर्ड फॉर वर्ड, आंटी," गॅब्रिएला म्हणाली. "प्लीज डोन्ट इंटरप्रेट."

मला ते आवडलं. असली स्वच्छ सूचना बँकेत कधी मिळत नाही. आजी जे बोलेल ते मी तिथल्या तिथे इंग्रजीत टाइप करायचं, एवढंच काम.

लिआमावशींनी जाकीट अंगात घातलं. समोर टेबलावर पांढरा मग ठेवला. त्या हळू बोलायच्या आणि एकेका वस्तूला भरपूर वेळ घ्यायच्या.

"थांब, जरा पुढे सरकून बघते... हां. गोल आहे कायतरी. आता वळून बघते. हात लावून बघू? नको? बरं. परत एकदा बघते. हां, बघितलं. मग आहे."

मी टाइप करत गेले. आय मूव्ह्ड अँड आय सॉ. आय टर्न्ड अँड आय सॉ. बोटं आपोआप चालत होती. दर रविवारी हेच: कधी कंगवा, कधी चेंडू, कधी हनुक्काची मेणबत्ती. पांढरा मग ओळखायला त्या लवकर शिकल्या, कंगवा शेवटपर्यंत आला नाही. दुपारी मला जेवायला घालायचे आणि एझरा स्टेशनवर सोडायचा. मार्चपर्यंत असं चाललं.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी गॅब्रिएलाने मला एक कागद दाखवला.

"फॉर्टी-वन टाइम्स, आंटी. शी सेज शी सॉ. मी तिला कधीच तो शब्द दिला नाही. शी फाउंड इट हरसेल्फ." हे सगळं अर्थात इंग्रजीत. प्रोफेसर खूश होते. गॅलरीने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायला एक वाक्य निवडलं होतं: 'आय मूव्ह्ड क्लोजर, अँड आय सॉ.' आणि उद्घाटनाला ती स्वतः आजीसमोर उभी राहणार होती. "शी हॅजंट सीन मी सिन्स आय वॉज नाइन," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मी तिचं अभिनंदन केलं. खरंच केलं.

मग आम्ही जेवायला बसलो. सुरमईचं कालवण होतं. लिआमावशी पातेल्याशी उभ्या होत्या. वासावरून आणि हातावरून त्या सगळा स्वयंपाक करायच्या. त्यांनी चमचा माझ्यापुढे धरला.

"चाखून बघ गो जरा. मीठ बरोबर आहे काय?"

मी चाखलं, आणि तेव्हा कुठे मला तो शब्द ऐकू आला. चाखून बघ. हात लावून बघ. वळून बघ, ऐकून बघ, विचारून बघ. आपण दिवसभर सगळं बघतच असतो, त्यात डोळ्याचा संबंध कुठे असतो? पुढे सरकून बघते म्हणजे पुढे सरकते आणि काय होतं ते अजमावते. एवढंच. एक्केचाळीस वेळा मी एका मराठी बाईच्या तोंडी 'सॉ' घालून तिला डोळे दिले होते. आणि मी, जी दुसऱ्यांच्या चुका शोधून खाते, दहा रविवार ती चूक स्वतःच्या हाताने टाइप करत होते.

"कमी आहे का मीठ?" मावशींनी विचारलं.

"नाही. बरोबर आहे."

बापलेक वर गेल्यावर मी मावशींना सरळ विचारलं. "मावशी, जाकीट घातलं की तुम्हाला दिसतं का?"

"दिसत नाय गो काय," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी बघत्ये. पाठीला मुंग्या येतात. गोल असलं की गोल मुंग्या, लांब असलं की लांब. मग कळतं. पण मुंग्यांचा काय चेहरा होतो?"

"गॅब्रिएलाला वाटतंय तुम्हाला दिसतं. माझ्यामुळे वाटतंय. तिला सांगायला हवं."

त्यांनी माझं मनगट पकडलं. पकड चांगलीच घट्ट होती. "नको सांगू. पोर किती खपली आहे. मी सांगेन कायतरी तिला, छान दिसतेस म्हणून."

"तिचा चेहरा हाताने का नाही बघत तुम्ही?"

मावशींनी माझं मनगट सोडलं. "पंधराची असताना गेले होते तोंडावरून हात फिरवायला. मागे झाली. तोंडावर पुटकुळ्या होत्या म्हणे तेव्हा, मला काय माहीत? इथल्या पोरांना अंगाला हात लावलेला नाय चालत. पुन्हा मागितलं नाय. माझ्याकडे ती नऊ वर्षांचीच आहे, समोरचे दोन दात मोठे." त्या हसल्या. "एकदा बघायचं होतं तिला. जाऊ दे."

मला लाज वाटली. ही बाई अडीच महिने पाठीवर मुंग्या सोसत होती, आणि तिला हवं होतं ते तिच्या हाताच्या अंतरावर बसून वायर सोलत होतं. तरी मी गॅब्रिएलाला काही सांगितलं नाही. मावशींना शब्द दिला होता, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला माझी चूक कबूल करायची नव्हती. आमच्या धंद्यात ते फार जड जातं.

उद्घाटन एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी, टोरोंटोच्या पश्चिमेला एका जुन्या कारखान्याच्या हॉलमध्ये. पन्नासेक माणसं, प्लॅस्टिकच्या पेल्यांत वाइन. एझराने टाय लावला होता. भिंतीवर हातभर उंचीची अक्षरं: 'अँड आय सॉ.' मी त्याच भिंतीखाली मायक्रोफोन घेऊन उभी. मावशी खुर्चीत, जाकीट आणि काळा चष्मा घालून. समोर काळा पडदा, जमिनीवर पांढऱ्या टेपची फुली. गॅब्रिएला त्या फुलीवर येऊन उभी राहिली आणि तिच्या तोंडावर दिवा पडला.

"आजी, इट्स मी. व्हॉट डू यू सी?"

"आजी, मी आहे. काय दिसतंय?" मी विचारलं. 'दिसतंय' हाच शब्द माझ्या तोंडून आला. त्या शब्दात लपायला जागा नसते.

मावशींनी मान इकडे केली, तिकडे केली. पाठीतल्या मोटर्स घुर्र घुर्र करत होत्या. छान दिसतेस म्हणणार होत्या त्या. मी वाट बघत होते.

"दिसत नाय काय, बाय," त्या म्हणाल्या. "हात लावून बघू?"

हॉल माझ्याकडे बघत होता. अजून एकदा चुकीचं सांगितलं असतं तर सगळं निभावलं असतं. प्रोफेसर वहीवर पेन टेकवून तयार होते.

"शी सेज शी कॅन्ट सी यू," मी म्हटलं. "शी इज आस्किंग, कॅन शी टच युअर फेस."

कोणीतरी खोकलं. गॅब्रिएलाचं तोंड पांढरं पडलं. "बट फॉर्टी-वन टाइम्स—"

"माय मिस्टेक. तिने बघितलं म्हटलं, की ते बहुतेक वेळा करून पाहिलं असं असतं. ट्राइड. आय शुड हॅव टोल्ड यू." हे मी पन्नास माणसांसमोर, मायक्रोफोनमधून बोलले.

गॅब्रिएलाने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला अजून आठवते. मग ती फुलीवरून निघाली आणि आजीसमोर येऊन गुडघ्यांवर बसली. चेहरा कॅमेऱ्याच्या इतका जवळ आला की चौसष्टच्या चौसष्ट मोटर्स एकदम सुरू झाल्या.

"अगो, बंद कर आधी ते!" मावशी किंचाळल्या. "गुदगुल्या होतात!"

ह्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही. गॅब्रिएलाने वायर उपटली. तिने आजीचा हात उचलला आणि आपल्या गालावर ठेवला.

मावशींनी घाई केली नाही. कपाळ, भुवया, बंद डोळे. नाकाशी थोडा वेळ थांबल्या. "नाक बापाचं," त्या म्हणाल्या. मग गाल, आणि गाल ओले लागले तेव्हा, "रडतेस कशाला?" मग हनुवटी. "ही माझी आहे गो." शेवटी अंगठा वरच्या दातांवरून फिरवला, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि मागे टेकून बसल्या.

"बघितलं," त्या म्हणाल्या.

एझरा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी मायक्रोफोन बंद केला.

पुढच्या रविवारी गॅब्रिएलाने मला बोलावलं, पण 'आंटी' म्हणाली नाही. चहासुद्धा विचारला नाही. लॅपटॉप उघडून तिने सगळे एक्केचाळीस सॉ माझ्यासमोर ठेवले. आम्ही ओळीने दुरुस्त करत गेलो. सरकून बघितलं: ट्राइड मूव्हिंग. वळून बघितलं: ट्राइड टर्निंग. तिचं हे काम बघून मला तिच्याबद्दल आदर वाटला, आणि ते तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. वरून मावशींच्या भांड्यांचा आवाज येत होता.

शेवटी तिने गॅलरीतलं रेकॉर्डिंग लावलं. बेचाळिसावी ओळ. आजीचा आवाज, एकच शब्द.

"अँड धिस वन?" तिने स्क्रीनवरून नजर न उचलता विचारलं. "ट्राइड?"

"नाही," मी म्हटलं. "सॉ. वर्ड फॉर वर्ड."