त्रेचाळीस नावांची यादी

साईनाथच्या कीबोर्डवरचं इंग्रजी वाय हे अक्षर निम्मं पुसलं होतं. वरच्या दोन्ही भुजा गेल्या होत्या. खालचा दांडा तेवढा उरला होता. शेजारची अक्षरं शाबूत होती. नऊ वर्षं रुग्णालयाचा सर्व्हर सांभाळताना त्याच्या प्रत्येक प्रश्नाला वाय दाबून ‘हो’ म्हटल्याची ती झीज होती. श्यामला बर्वे यांनी नजर काढून घेतली.

“हा नेतो मी,” साईनाथ कीबोर्ड पिशवीत घालत म्हणाला. “माझ्या पैशाचा हाय. दवाखान्याचा नाय.”

“चौकशी व्हायची आहे अजून. सामान कशाला बांधतोस?”

“अकराला बोलावलंय, बारापर्यंत गेटपास काढून घेतील. कंत्राटी माणसाची चौकशी केवढी असती, मॅडम?”

तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी दुपारी, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचा सर्व्हर जागेअभावी अडू लागला होता. साईनाथ जेवायला गेला होता. श्यामलाबाईंच्या पासवर्डची मुदत संपलेली. म्हणून विभागप्रमुख असूनही त्या त्याच्या उघड्या पडद्यासमोर बसल्या. एक जुनं पॅकेज, म्हणजे सर्व्हरवर घातलेला एक प्रोग्राम, त्यांनी काढलं. मग, आता कुणालाच लागत नाहीत ती सगळी पॅकेजेस काढण्याची आज्ञा टाइप केली. पडद्यावर त्रेचाळीस नावं आली. खाली प्रश्न आला, पुढे जायचं का? त्यांनी वाय दाबला.

त्यातलं एक नाव रक्ततपासणीच्या यंत्राकडून आकडे घेणाऱ्या लायब्ररीचं, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला लागणाऱ्या जोड-प्रोग्रामचं होतं. ती वापरणारा प्रोग्राम रुग्णालयातच लिहिलेला. पॅकेजांच्या नोंदीत तो कुठेच नव्हता. नोंदीत नसलेल्याला काय लागतं, हे सर्व्हरला कळायचा मार्ग नव्हता.

रिपोर्ट चार तास अडकले. बिघाड साईनाथनंच शोधला. लायब्ररी परत घालायला अकरा सेकंद लागले. वेणूबाई नावाच्या बाईंच्या रक्तातलं पोटॅशियम सात पूर्णांक एक, म्हणजे जीवघेणं, असल्याचं वॉर्डात कळलं, तेव्हा त्यांना जाऊन चाळीस मिनिटं झाली होती.

आज्ञांच्या नोंदीत साईनाथचं नाव होतं. तेही त्यालाच सापडलं.

“खरं सांगू का, मॅडम, मला आठवतच नाय,” पिशवीची गाठ मारत तो म्हणाला. “पण रोजच करतो ना मी ते. केलं असंल. त्या बाईंचा मुलगा खाली भेटला. पाया पडलो त्याच्या.”

श्यामलाबाईंच्या निवृत्तीला चार महिने होते. रोज सकाळी खडकीहून निघताना आज सांगायचं असं ठरायचं. गेटपाशी पोचेपर्यंत ते उद्यावर गेलेलं असायचं.

चौकशीच्या खोलीत प्रशासकीय अधिकारी अवधूत साने एकटेच होते. समोर एका पानाचा अहवाल होता.

“यादी वाचायची असते हो,” ते साईनाथला म्हणाले. “लग्नातल्या आहेराची यादीसुद्धा लोक दोनदा वाचतात. आपल्याला त्रेचाळीस ओळी जड झाल्या?”

“चूक झाली, साहेब. वाचायला पायजे होतं.”

“झाली, हे आम्हालाही कळलंय. वारज्यात शेती आहे ना तुमची?”

“होती. आता तिथं सोसायटी हाय.”

“असो.” सान्यांनी कागद श्यामलाबाईंपुढे सरकवला. “बर्वेबाई, तांत्रिक बाजू आपण तपासलीत. इथे सही करा, म्हणजे विषय संपला.”

अहवालात एकच वाक्य महत्त्वाचं होतं: सदर आज्ञा श्री. साईनाथ यांनी दिली. श्यामलाबाईंनी ते वाचलं. मग पहिल्या ओळीपासून सगळं पान पुन्हा वाचलं, एकेका शब्दावर थांबत. साने घड्याळाकडे बघू लागले.

श्यामलाबाईंनी पेनाला टोपण लावलं.

“हा जेवायला गेला होता,” त्या म्हणाल्या. “त्याच्या खुर्चीवर मी होते. वाय मी दाबला. यादी मी वाचली नव्हती.”