लाल दिवा लागला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना तपासणीचा डबा आहे. माणसाच्या पोटात असंख्य जिवाणू राहतात. काही राखणदार, काही घातकी. माझ्या कागदी पट्टीवर सोन्याचे कण असतात, केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. घातकी जिवाणू माजल्याची खूण सापडली की ते एकत्र येतात, पट्टीचा रंग बदलतो आणि माझा लाल दिवा लागतो.

अंधेरीच्या एका रुग्णालयात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी मला आणलं. सुरुवातीला फार कौतुक झालं. पुढे पट्टीचा रंग टिपणाऱ्या माझ्या भिंगावर धूळ साचली, कुणी पुसेना. एकदा मी धडधाकट बाळाला आजारी ठरवलं आणि माझी पत गेली.

मग एका सकाळी वेसाव्याच्या कल्पिताच्या मुलीच्या शीचा नमुना आला. दिवा लाल!

"डबा परत बोंबलतोय," नर्स जयंती म्हणाली. "पोर तर मस्त दूध पितेय."

डॉक्टर इरावती थबकल्या. मी खरा असेन तर दूध घातक. खोटा असेन तर एवढासा जीव उगाच उपाशी. त्यांनी माझं भिंग स्वतः पुसलं, नवी पट्टी घातली. या वेळी खोटा ठरलो तर बरं, असं मलाच वाटलं.

दिवा पुन्हा लाल.

"कल्पिता, दूध थांबवायचं. आतड्याला सूज येतेय बहुतेक."

"बघा ना, तोंड उघडतेय ती! त्या डब्याचं ऐकून पोरीला उपाशी मारणार?"

"सलाइनमधून पोषण देऊ. चुकले तर ओरड माझ्यावर."

कल्पिताचा नवरा बोटीवर, खोल समुद्रात. फोन लागेना. ती कशीबशी म्हणाली, "थांबवा."

पोर भुकेने रडत राहिली. कल्पिता माझ्याकडे वैऱ्यासारखी बघत होती. संध्याकाळी बाळाचं पोट फुगलं. एक्स-रेत सूज दिसली. पण दूध बंद होतं, औषध सुरू झालं होतं. पुढच्या काही दिवसांत हळूहळू सूज उतरली, ऑपरेशन टळलं. दुधाचे थेंब पुन्हा दिले, तेव्हा कल्पिता रडतरडत हसली.

"गिळलं गं जयंती, गिळलं!"

आता नवं यंत्र आलंय आणि मी कपाटात पडून आहे. मित्रांनो, मला भंगारात देण्याआधी गोवंडीच्या एखाद्या लहान प्रसूतिगृहात विचारून बघा. फक्त पुसत राहा मला. दुखतंय कुठे, हे तिथल्या बाळांनाही सांगता येत नाही.