मारीच हरणाचा अर्धा रुपया

मित्रांनो, मी एक जुना अर्धा रुपया आहे, पण माझा भाव विचारायला मला दुकानात नेऊ नका. तो अपमान एकदा भोगून झाला आहे.

माझ्या एका अंगाला मुकुटवाला, दाढीवाला राजा आहे आणि दुसऱ्या अंगाला शिंगांचं सांबर. विलायतेच्या टांकसाळीत जन्मलो, बोटीने मॉरिशस बेटावर गेलो. तिथे इंग्रजांच्या अमलात उसाच्या मळ्यांत राबणाऱ्यांच्या हातांतून फिरलो. पुढे त्यांच्यातलाच एक जण आजोबांचं श्राद्ध घालायला नाशिकला, रामकुंडावर आला. त्याने मखमलाबादच्या एका फुलवालीकडून हार घेतला आणि तिच्या हातावर मला ठेवलं.

संध्याकाळी वाण्याने मला परत फेकलं. चहावाल्याने तर हातही लावला नाही. तेव्हा फुलवालीने मला धुतलं आणि थेट देव्हाऱ्यात बसवलं. पंचवटीच्या शेजारी राहणाऱ्यांना हरीण दिसलं की मारीचच आठवतो. सांबर मारीच झालं, दाढीवाला राजा दशरथ झाला. एकाही दुकानात न चाललेला मी सत्तर वर्षं देवांत चाललो.

फुलवालीची सून रंगूबाई. ती आता म्हातारी झाली. थोरला गोरक्ष सातपूरच्या कारखान्यात आहे, धाकटा लहानू गुलाब-झेंडू पिकवतो. दोघांची वाटणी झाली. मळा, मोटार, म्हैस, सगळं वाटलं गेलं. उरलो मी आणि रंगूबाई. मी दोघांनाही हवा होतो, कारण रामराज्यातल्या नाण्याला वीस लाख मिळतात असं मोबाइलवर कुणीतरी सांगितलं होतं. रंगूबाईबद्दल मोबाइलवर काहीच आलं नव्हतं.

"देव थोरल्याकडंच राहतात. रीत हाय," गोरक्ष म्हणाला.

"दादा, आता कुठं रीत धरून बसतो? तुझ्या फ्लॅटात देव्हाऱ्याला जागा तरी हाय का?" लहानूने टोमणा मारला.

रंगूबाईने मला पदराच्या गाठीत बांधलं. "जो नाणं घेईल, त्यानं मलाबी घ्यायचं. आठ दिवसांनी सांगते, कुणाकडं यायचं ते."

काय ते आठ दिवस! लहानू पहाटे उठून आंघोळीला ऊन पाणी काढून देऊ लागला. गोरक्ष रोज जिलेबी आणू लागला. "आई, गुडघा कसा हाय?" हा प्रश्न मी त्या घरात पहिल्यांदा ऐकला.

नवव्या दिवशी दोघे म्हणाले, आधी खात्री करू. तिघंही सराफाकडे गेले. त्याने भिंग लावलं.

"मावशी, हे मॉरिशसचं नाणं. हा इंग्रजांचा राजा."

"आणि रामराज्य?" गोरक्षने विचारलं.

"चांदी आहे. मोडलीत तर एक बरी चप्पल येईल."

दुकानाच्या पायरीवरच लहानू म्हणाला, "दादा, देव थोरल्याकडं राहतात. रीतच हाय ती."

"आता कुठं रीत धरून बसतो?" गोरक्ष म्हणाला. "फ्लॅटात जागा कुठं हाय?"

रंगूबाई हसली. "बाजारात चाललं नाय म्हणून देवात ठेवलं, असं सासूबाई मला सांगून गेल्या व्हत्या. मला ठाव व्हतं रे."

"मग बोलली का नाय?" गोरक्ष खेकसला.

"बोलले असते, तर आठ दिवस ऊन पाणी मिळालं असतं का?"

आता आम्ही दोघं मळ्याच्या कडेला, फुलं भरायच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतो. ती मला चिंचेने घासते आणि सगळं ठाऊक असूनही राजाच्या बाजूकडे बघून म्हणते, "दशरथा, तुझ्या पोरानं बापाचा शब्द पाळला. माझ्यांनी भाव काढला." मग मला फळीवर ठेवून गार पाण्याने आंघोळीला बसते.

मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस खरं किती किमतीचं, हे ठरवायला भिंग लावू नका. बादलीत हात घालून पाणी तेवढं बघा.