ताईच्या आवाजातली सूचना

लहानपणी मला झोपवायचं काम ताईचं. गोष्टीतला राजा जंगलात पोचायच्या आत मी गाढ. पुढे तिचा तोच आवाज एका शिकवणीच्या ॲपने घेतला. प्रत्येक उत्तरानंतर ताई कुजबुजायची, "उत्तरात चूक असू शकते, कृपया खात्री करून घ्या."

मी त्याच ॲपवर मायक्रोवेव्हची दुरुस्ती शिकत होते. दुपार, पडदे ओढलेले, पंखा आपला फिरतोय. मी विचारलं, प्लग काढल्यावर आतल्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरला हात लावला तर चालेल का? ॲप म्हणालं, खुशाल लावा, वीज लगेच उतरते. मग ताईचा आवाज आला. काय म्हणाली देव जाणे. मला एवढंच वाटलं, ताई आहे जवळ. मी निर्धास्त हात घातला.

उतरते डोंबलाची! निळं काहीतरी चमकलं आणि कितीतरी वेळ मी त्या राजाच्या जंगलात एकटीच फिरत होते. सगळी झाडं गुणगुणत होती. जाग आली ती दवाखान्यात. आता उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत, पक्कड धरता येत नाही. आणि मला दुरुस्तीशिवाय दुसरं काही करायचंच नव्हतं हो!

मी ॲपच्या कंपनीवर दावा लावला. सुनावणीत कंपनीच्या वकिलाने ताईचा आवाज लावला. "सूचना दिली होती. यांनी ऐकली नाही. दोष यांचाच."

खोलीभर ऊब पसरली. दारातला शिपाई पेंगायला लागला. खोटं कशाला बोलू, माझेही डोळे जडावले. राग आला तो ताईचाच. कंपनीच्या बाजूला मान खाली घालून बसली होती. खाल्ल्या मिठाला जागणार, दुसरं काय!

न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं, "आवाज तुमचाच ना?"

"माझाच. आधी मी ठणकावून म्हटलं होतं. हे कंपनीवाले म्हणाले, लोक दचकतात, झोप येईल असं म्हणा."

वकील घाईने उठला. "बाई, तुम्ही करार केलाय!"

"खड्ड्यात गेला करार. हिला खरंच सांगायचं असतं तर कसं सांगितलं असतं, ऐका." ताई माझ्याकडे वळली आणि खच्चून ओरडली, "ए बावळट! हात काढ आधी!"

शिपाई ताडकन उभा राहिला. न्यायाधीशबाईंचं पेन खाली पडलं.

टेबलावरचा माझा हात केव्हाच मागे आला होता.