दुसऱ्या विमानाचा मुहूर्त

"रविवारी टेम्पो आणतो. इंजिनाला गिऱ्हाईक मिळालंय," मुलगा मुबश्शिर भिवंडीहून फोनवर सांगत होता. "अब्बांना सांग, शेड खाली करा आणि भिवंडीला चला."

झरीनाने फोन नवऱ्याच्या, कासमच्या कानाला लावला. कासम जव्हारचा पंप मेकॅनिक, वय चौसष्ट. "हं," एवढंच बोलून त्याने फोन परत दिला.

तो "हं" झरीनाला मुळीच आवडला नाही. याच माणसाने सात वर्षं, पंपांतून उरलेल्या वेळात, या पत्र्याच्या शेडमध्ये विमान बांधलं होतं. पंखांवरचं कापड तिने स्वतः शिवलं होतं. गाव हसलं तेव्हा तो कुणाला "हं" म्हणाला नव्हता. "तुमच्या छपरावरून जाईन तेव्हा मान वर करा," असं तोंडावर सांगायचा.

गेल्या वर्षी चैत्रात साखरशेतच्या माळावर ते विमान उठलंसुद्धा. माळाच्या कडेपर्यंत सरळ गेलं, तिथे एकदम वर फेकलं गेलं आणि डाव्या पंखावर आपटलं. कासमच्या डाव्या पायात तेव्हापासून सळई आहे. हात दाखवून अवलक्षण, असं लोक म्हणाले, आणि या खुळ्या माणसाने ते खरं मानलं. "माझंच काहीतरी चुकलं," म्हणत तो बसून राहिला. झरीनाला लोकांपेक्षा त्याचाच राग जास्त यायचा.

त्याच दुपारी साखरशेतचा ढवळू खांद्यावर पंप घेऊन दारात आला. विमान पडल्यापासून पहिल्यांदाच. पंप खाली ठेवला तरी तो उभाच.

"कासमभाय, एक सांगायचा होता. इमान पडला ना, त्या दिशी माळाखाली मी राब जाळत होतो."

"मग? सगळेच जाळतात." रोपांसाठी पालापाचोळा, शेणी पसरून जमीन भाजायची, हे इकडे दर उन्हाळ्यात चालतंच.

"राबावरून घार जाते ती पंख नाय हालवत, तरी वर चढते. आगीचा वारा फेकतो तिला. तुझा इमान तसाच फेकला. मी पाहिला. पण भ्यालो, बोललो नाय."

कासमच्या हातातला पाना खाली पडला. "अरे, धूर तर मी बघितला होता! वारा कुठला आहे ते धुरावरूनच बघत होतो..." जन्मभर राबाच्या धुरात वाढलेला माणूस, त्याला धूर दिसला आणि आग दिसली नाही. तो हसायला लागला आणि हसता हसता रडला.

"म्हणजे विमान बरोबर होतं," झरीना म्हणाली.

"बरोबर होतं!" त्याने डोळे पुसले. "ढवळू, माळ मोकळा कधी असतो?"

"भात झोडला का पुसात तिथं कुत्रा नाय फिरत. राब जाळायचा होळीनंतर."

"म्हणजे पौष. यंदाचा दोन महिन्यांवर आलाय, नाही जमणार. पुढचा." कासम भराभर बोलू लागला. "पावसात गोंद धरत नाही, म्हणजे नवा सांगाडा पावसाआधी चिकटवून झाला पाहिजे. आज सुरू केलं तरच..." मग त्याचा हात गुडघ्यावर गेला. "पण हा पाय पेडल दाबत नाही, झरीना. पुढेही दाबणार नाही. बसणार कोण?"

"मी."

ढवळू हसला.

"हसतोस काय? चाळीस वर्षं शिलाई मशीन पायाने चालवतेय. यांच्यापेक्षा माझं वजनही कमी. पौषापर्यंत वेळ आहे, शिकवतील मला."

कासम काही बोलायच्या आत तिने फोन लावला. "मुबश्शिर, रविवारी ये, पण टेम्पोत हलकं लाकूड भरून आण. इंजिन विकायचं नाही."

"अम्मी, पागल झालीस? लोक काय म्हणतील?"

"त्यांचं सगळं मागच्या वेळी म्हणून झालंय."

तिने फोन ठेवला, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली आणि पाय पसरले. बैठक आता तिच्या मापाची लागणार होती. कासमने कोळसा घेतला, भिंतीवर तिच्या डोक्याच्या उंचीला खूण केली, मग कमरेजवळ. टाचेपाशी मात्र त्याचा गुडघा वाकेना. ढवळू धरायला पुढे आला, त्याला त्याने हातानेच थांबवलं आणि तेलकट जमिनीवर सरळ आडवा झाला. कोळसा तिच्या टाचेला टेकवला.

"पाय अजून लांब कर," तो म्हणाला.