बिबट्या नसलेलं झाड

मी गाडीच्या नाकावरची खुर्ची बोलतेय. डाव्या दिव्याच्या वर मला लोखंडी पट्टीने जखडलंय. पुढे ना काच, ना कठडा. सगळ्यात आधी धूळ मी खाते, काटेरी फांद्यांचे फटकेही मीच. पण तोरा म्हणाल, तर अख्ख्या गाडीत माझ्यासारखा कुणाचा नव्हता, कारण माझ्यावर रिसिमाटी बसायचा.

साबी नदीकाठच्या आमच्या रानात रोज पहाटे आणि दुपार कलली की पाहुण्यांना घेऊन गाड्या निघतात. चालवणारा रस्ता बघतो, माझ्यावर बसलेला माग बघतो आणि झाडं बघतो. त्याने हात वर केला की गाडी थांबते. सिंह किंवा बिबट्या जवळ असला, तर तो मुकाट्याने माझ्यावरून उतरून आत चालकाशेजारी जाऊन बसतो. असा रिवाज आहे. रिसिमाटीने माझ्यावर आयुष्य काढलं. गावात त्याला कुणी नावाने हाक मारत नसत, 'पुढच्या खुर्चीवाला' हेच त्याचं नाव.

बासानी त्याच्या बहिणीची मुलगी. गाडी तिच्या हाती आली, त्याच सुमाराला त्याचे डोळे जायला लागले. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मला ते डॉक्टरांच्याही आधी कळलं होतं. पूर्वी तो माझ्यावर सैलसर बसायचा, एक पाय हलवत, काहीतरी गुणगुणत. आता तो माझ्या कडा घट्ट धरू लागला. फांदी आली तरी वाकायचा नाही, फटका बसल्यावर मान खाली घालायचा.

"मामा, आता आत बसत जा," बासानी एकदा म्हणाली.

"आत बसून काय करू? पाहुण्यांना बिस्किटं वाटू?"

"काही करू नका. नुसते बसा."

"मग सरळ घरीच बसव की! तुझ्या आईबरोबर शेंगा सोलतो."

ती हिरमुसली. पण मामावर तिचा जीव होता, म्हणून दोघांनी मिळून एक युक्ती काढली. तिला जनावर दिसलं की ती ब्रेकवर दोनदा हलकेच पाय ठेवायची. मामा हात वर करायचा. मग ती ओरडायची, "वा मामा, जिराफ!" पाहुणे टाळ्या वाजवायचे. तो मान डोलवायचा, आणि माझ्या कडेवरची त्याची बोटं घामाने चिकट झालेली असायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माझ्यावर बसलाय म्हणजे याला दिसतंय, असं पाहुणे माझ्याकडे बघूनच धरून चालायचे. म्हणजे त्या सोंगात निम्मा वाटा माझा. आणि तो माझ्यावरून उठू नये, असं मलाही वाटायचंच की.

मग होल्गर नावाचे डॅनिश पाहुणे आले. गळ्यात भलीमोठी दुर्बीण. हत्ती झाले, गेंडा झाला, पिल्लांसकट सिंहीण झाली, पण बिबट्या काही दिसेना, आणि होल्गरसाहेबांचं तोंड वाकडं झालं. "उद्या आमचं विमान आहे," हे ते बासानीला सारखं ऐकवत होते.

त्या सकाळी रस्त्यात हत्तीची लीद पडली होती आणि तिच्यावर शेणकिड्यांची झुंबड उडाली होती. आमच्याकडे शेणकिड्यांवरून गाडी नेत नाहीत. बासानीने ब्रेक दाबला, गाडी कडेला घेताना पुन्हा दाबला. रिसिमाटीचा हात वर गेला.

"काय आहे? काय दिसलं?" होल्गरसाहेब उठून उभेच राहिले.

बासानी तोंड उघडणार, तोवर तो बोलून गेला होता. "बिबट्या. त्या मोठ्या झाडात."

त्या झाडात एक धनेश पक्षी पंख खाजवत बसला होता.

"दिसला! शेपटी दिसली मला!" होल्गरसाहेब दुर्बिणीतून ओरडले. "अगं, बाकीच्या गाड्यांना सांग ना!"

बिबट्या दिसला की वायरलेसवर सगळ्यांना सांगायचं, हाही रिवाजच. बासानीने यंत्र उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि सांगितलं. आणि रिसिमाटी माझ्यावरून उतरला, आत तिच्याशेजारी जाऊन बसला. नसलेल्या बिबट्याला भिऊन मला रिकामं केलं गेलं. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

पहिली गाडी आली ती खाझामुलाची. हा रिसिमाटीच्याच हाताखाली तयार झालेला. तो खाली उतरला, झाडाभोवती फिरला, वाळूवर वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला. मग त्याने रिसिमाटीकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "माग आहे. नदीकडे उतरलाय. काकांचं बरोबर आहे."

बासानीने सुटकेचा निःश्वास टाकला. रिसिमाटी मात्र चाचपडत खाली उतरला.

"खाझामुला, तुला माग काढायला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच की, काका."

"नसलेला माग वाचायला शिकवलं होतं?"

रिसिमाटी पाहुण्यांकडे वळला. नेमके कुठे बसलेत ते त्याला दिसत नव्हतं, म्हणून तो जरा बाजूलाच बघून बोलला. "इथे बिबट्या नव्हता. मला दिसत नाही. बऱ्याच दिवसांपासून दिसत नाही. माझी मला लाज वाटते."

"पण शेपटी तर मी..." होल्गरसाहेब म्हणाले, आणि गळ्यातली दुर्बीण काढत खाली बसले.

त्यानंतर फेरीला तो माझ्यावर बसला नाही. आता खाझामुला बसतो. गाडी परतते तेव्हा रिसिमाटी फाटकाशी उभा असतो. हाताने मला शोधतो, टोपीने माझ्यावरची धूळ झटकतो आणि विचारतो, "काय दिसलं आज?"

बासानी सांगते. बिबट्याने हरीण झाडावर नेलं, सिंहिणीने पिल्लं हलवली. त्यातलं निम्मं घडलेलंच नसतं. तो "हो का?" म्हणतो. मी मनात म्हणते, बाई गं, पुन्हा नको.

काल तिने सुरुवात करताच त्याने तिला थांबवलं. "बासानी, आज काहीच दिसलं नाही ना?"

ती हळूच म्हणाली, "नाही मामा. नुसतं धुकं होतं."

"मग तसं सांग की! कसं होतं धुकं?"

तुम्हीही कधी आमच्या रानातून रिकाम्या डोळ्यांनी परतलात, तर तसंच सांगा. एवढंच मागणं आहे.

काल तो फाटकातच, उभ्या गाडीवर, माझ्यावर येऊन बसला. बासानी नदीवरचं धुकं सांगत राहिली. तो एक पाय हलवत ऐकत होता, आणि माझ्या कडा त्याने धरल्या नव्हत्या.